टर्बो, श्वास आणि पैठण रोड

दिवाळीत भाचा बिडकीनला आला होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चौकात चहा पिता पिता त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत दोन लॅम्बोर्गिनी होत्या. एक हुराकान, आणि दुसरी तिच्या जागी आलेली टेमेरारिओ. हुराकानचं व्ही१० इंजिन ओरडलं आणि टपरीवरच्या चार माना वळल्या. मग टेमेरारिओ. तीही ओरडली. पण माना वळल्या नाहीत.

मी म्हणालो, "गेली रे शेवटी."

"काय गेलं मामा? तुम्ही उगंच रडताय. जुनीला ६४० पीएस होते, नवीला ९२० आहेत. नवी जास्त पळते. मग वाईट काय झालं?"

तिथल्या तिथे मला उत्तर सुचलं नाही. (माझं नेहमीचंच आहे. उत्तर सुचतं ते घरी आल्यावर, हातपाय धुताना.) म्हणून हे लिहितोय. भाचा वाचेल न वाचेल, तुम्ही तरी वाचा.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंजिन म्हणजे शेवटी हवा ओढणारा पंप. पिस्टन खाली जातो, आत पोकळी होते, बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलबरोबर जळते. हवा आत ढकलणारी शक्ती एकच, वातावरणाचा दाब. याला म्हणतात नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, थोडक्यात एनए. आपल्या फुफ्फुसांवर चालणारं इंजिन. त्याला जास्त ताकद हवी असेल तर दोनच रस्ते. फुफ्फुसं मोठी करा, नाहीतर श्वास भरभर घ्या. म्हणून जुन्या चांगल्या स्पोर्ट्स कार एकतर मोठ्या इंजिनाच्या असायच्या, नाहीतर आठ-नऊ हजार आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. ते मिनिटाला लाखभर, कधी त्याहून जास्त फेरे घेतं आणि दाबून हवा आत कोंबतं. म्हणजे पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर.

आमच्या थोरल्या काकांचं पैठण रोडला गॅरेज होतं. प्रीमियर पद्मिनी आली की ते बॉनेट उघडायचे, कार्बोरेटरच्या स्क्रूला अर्धा आटा द्यायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, "आता श्वास बरोबर घेतीय." त्यांना नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड हा शब्द माहीत नव्हता. मला तो पुढे इंग्रजी मासिकात सापडला तेव्हा हसू आलं, कारण अर्थ मला दहाव्या वर्षीच कळला होता.

आता भाच्याचा मुद्दा. तो खोटा नाही. फेरारीची ४५८ इटालिया २००९ साली आली. साडेचार लिटरचं एनए व्ही८, ५७० पीएस आणि तेही ९००० आरपीएमला. २०१५ मध्ये तिच्या जागी ४८८ जीटीबी आली. इंजिन लहान, ३.९ लिटर, पण दोन टर्बो आणि ६७० पीएस. शून्य ते शंभरला ४५८ घेते ३.४ सेकंद, ४८८ घेते ३. बीएमडब्ल्यूच्या एम३चा ८३०० फेऱ्यांचा व्ही८ २०१३ला संपला, पुढच्या वर्षी टर्बो आला. पोर्शच्या साध्या ९११ कॅरेरालाही २०१५ मध्ये टर्बो बसला. दरवेळी नवी गाडी जास्त वेगवान होती. आणि टर्बोने जगाचं भलंही केलंय. कन्नडचा घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकला विचारा. मला टर्बोचा राग नाही. राग आहे तो टर्बोला स्पोर्ट्स कारमध्ये 'प्रगती' म्हणून खपवण्याचा.

सगळे म्हणतात, एनए इंजिन पर्यावरणाने मारलं. मला हे पटत नाही. ते मारलं मोजपट्टीने. आणि ती मोजपट्टी हातात धरून आपणही रांगेत उभे होतो.

युरोपात २०१७ पर्यंत गाडीचा धूर आणि पेट्रोलचा खप ज्या चाचणीवर मोजला जायचा, ती होती ११ किलोमीटरची, वीसेक मिनिटांची. सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आतला. म्हणजे बिडकीनहून चितेगावला दूध घालायला जाणाऱ्या माणसाचा वेग. अशा हळुवार परीक्षेत लहान टर्बो इंजिन जवळजवळ झोपलेलं असतं. टर्बो जागाच होत नाही, त्यामुळे कागदावर आकडा सुंदर येतो. खऱ्या रस्त्यावर पाय दाबला की तेच इंजिन भरपूर पितं. मोठं एनए इंजिन मात्र परीक्षेतही पितं आणि रस्त्यावरही पितं. ते प्रामाणिक, म्हणून नापास. २०१७ पासून परीक्षा बदलली, जरा खरी झाली. पण तोवर बहुतेक कारखान्यांनी टर्बोचे साचे पाडून ठेवले होते.

दुसरी मोजपट्टी कराची. इटलीत एके काळी दोन लिटरच्या वरच्या गाडीला जवळपास दुप्पट कर होता. म्हणून फेरारीने १९८२ साली खास घरच्या गिऱ्हाइकासाठी दोन लिटरची २०८ टर्बो काढली. म्हणजे फेरारीच्या रस्त्यावरच्या पहिल्या टर्बोचा बाप रेसिंग नाही, कर खातं! आपल्याकडे २००६ च्या बजेटने छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. २०१७ मध्ये जीएसटी आला, व्याख्या तीच. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के, व्याख्या तरीही तीच. १.४ किंवा १.६ लिटरचं साधं, हलकं, उड्या मारणारं एनए इंजिन छोट्या गाडीत बसवायची सोयच उरली नाही. एक लिटरला टर्बो लावला की मात्र सगळं माफ. फुफ्फुसांच्या मापावर कर, पाठीवरच्या सिलिंडरवर नाही. गाडी किती धूर सोडते, किती जड आहे, रस्त्याची किती झीज करते, हे मोजायचं सोडून आपण वीस वर्षं इंजिनाचं पोट मोजत बसलोय.

आणि तिसरी मोजपट्टी आपली स्वतःची. सरकारला शिव्या देणं सोपं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. होंडा सिटीची पहिली पिढी आठवते? १.५ व्हीटेक, १०६ पीएस. तिच्यावर जीव टाकणारी पोरं आजही आहेत. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ पीएसची, मायलेज देणारी. आम्ही चार टाळकी हळहळलो. बाजार हळहळला नाही. बाजाराने रांगा लावल्या.

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या औरंगाबादने (आताच्या छत्रपती संभाजीनगरने) एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींची खरेदी, देशभर बातम्या झाल्या. आम्हालाही कॉलर ताठ करून झाली. पण पुढे महिनाभर गावात जी चर्चा मी ऐकली ती डिस्काउंटची, कर्जाच्या व्याजाची आणि कोणी कोणता रंग घेतला याची. इंजिनाविषयी एक वाक्य ऐकलं असेल तर शपथ. आणि हे त्या शहरात, जिथे शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. १५० पीएसची टर्बो पेट्रोल ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली ती २००४ मध्ये, म्हणजे टर्बोची ओळख आम्हाला बाकी देशाच्या आधी. वाळूजला १९८५ पासून बजाज आहे. घरटी एक माणूस इंजिनाशी संबंधित कामावर जातो, आणि गाडी घेताना आपण विचारतो, किती देते आणि टचस्क्रीन किती इंची?

मीही त्यातलाच. २०१९ मध्ये मी एक लिटरची टर्बो घेतली. शोरूममधल्या मुलाने टॉर्कचा आकडा बोटाने दाखवला आणि मी मान डोलावली. कंपनीचं नाव सांगत नाही, दोष तिचा नाही, माझा आहे. हंगामात पैठण रोडला उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. ओव्हरटेक करायला पाय दाबला की गाडी आधी विचार करते. एक... दोन... आणि मग एकदम धक्का देऊन सुटते, तोवर समोरून एसटी आलेली असते. मित्राची जुनी व्हीटेक सिटी चालवली तेव्हा असं होत नसे. ताकद कमी होती. पण दुसऱ्या गिअरला पाय जितका दाबला तितकीच आणि त्याच क्षणी ती पुढे जायची. पायाला आणि चाकाला एकच नस असल्यासारखी.

हे एवढंच आहे एनए इंजिनाचं रहस्य. अ‍ॅक्सिलरेटर उघडला की हवा आत, लगेच. मधे कोणी दलाल नाही. टर्बोत धूर आधी चक्र फिरवणार, चक्र हवा दाबणार, ती पाइपातून, इंटरकूलरमधून जाणार, मग इंजिनात पोचणार. आजच्या महागड्या टर्बोंनी हा उशीर फार कमी केलाय, कबूल. पण दुसरी गोष्ट तशीच राहते. टर्बो इंजिन दोन हजार फेऱ्यांवरच सगळा टॉर्क ताटात वाढतं. पुढे मिळवायचं काही राहत नाही. एनए इंजिनात ताकद वर असते, ती आपण चढून आणायची. गिअर कोणता, कधी बदलायचा, वळणातून बाहेर पडताना सुई कुठे हवी, हे ठरवणारे तुम्ही. आवाज चढतो तो आपण किती चढलो हे सांगायला. आवाज ही सजावट नाही, ती माहिती आहे. काकांचे कान हीच माहिती वाचायचे.

ती माहिती एकदाच पुरेपूर मिळाली. ३० ऑक्टोबर २०११. आम्ही तिघे मित्र सचखंडने दिल्लीला गेलो, पहिली इंडियन ग्रांप्री बघायला. २.४ लिटरची एनए व्ही८ इंजिनं, १८,००० आरपीएम. गाडी दिसायच्या आधी बरगड्यांत कळायची. डोळे मिटून सांगता येत होतं, कोण आधी ब्रेक मारतंय, कोण उशिरा. आपल्याकडे ही शर्यत तीनच वर्षं झाली. २०१३ ला ती थांबली, आणि २०१४ पासून फॉर्म्युला वनमध्येच १.६ लिटर टर्बो हायब्रिड आलं. गाड्या जास्त हुशार झाल्या, पेट्रोल कमी खाऊ लागल्या. आणि २०२५ मध्ये तिथलीच मंडळी व्ही१० परत आणायच्या गोष्टी करू लागली. उगाच नाही.

"पण जास्त पळते ना?" भाच्याचा प्रश्न तसाच आहे. त्याचं उत्तर मला याच रस्त्यावर मिळालं. नाथषष्ठीला बिडकीनवरून दिंड्या पैठणला जातात. टाळ, पताका, उन्हात तापलेला डांबरी रस्ता. शेजारून पैठणची एसटी तासाभरात पोचते. एकाही वारकऱ्याला मी 'एसटी जास्त पळते' असं सांगायला गेलो नाही. त्याला ते माहीत असतं. पोचणं एवढाच हेतू असता तर तो एसटीतच बसला असता. स्पोर्ट्स कारही पोचायला नसते. पोचायला स्विफ्ट आहे, ट्रेन आहे. स्पोर्ट्स कार ही जगातली एकमेव गाडी आहे जिचं काम फक्त चालवणं हे आहे. तिच्यातून चालवणाऱ्याचं काम काढून घेतलं आणि चार दशांश सेकंद दिले, तर हा सौदा फायद्याचा कसा?

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. एनएचे जे भक्त आहेत, त्यांचा मला टर्बोवाल्यांपेक्षा जास्त कंटाळा येतो. फेरारीने २०२४ मध्ये १२चिलिंद्री काढली: साडेसहा लिटर, व्ही१२, ८३० पीएस, ९५०० फेरे, टर्बो नाही. गॉर्डन मरे यांची टी.५०: १२,१०० फेरे, वजन हजार किलोच्या आत, एकूण १०० गाड्या. वाचून मलाही आनंद होतो. पण यांना 'एनएचं भविष्य' म्हणू नका. ही भविष्याची नाही, संग्रहालयाची सोय आहे. युरोपचा कायदाही वर्षाला दहा हजारांच्या आत गाड्या विकणाऱ्या कारखान्यांना धुराच्या नियमात सवलत देतो. म्हणजे श्रीमंताचं इंजिन सवलतीवर जगणार आणि मध्यमवर्गाचं इंजिन सीसीच्या करात मरणार. वर हे भक्त म्हणतात, "अशा गाड्या जगात आहेतच किती? त्यांनी असं किती प्रदूषण होतं?" हा युक्तिवाद मला चालत नाही. आम्ही थोडे आहोत म्हणून आम्हाला माफ, हे बंगल्यात बोअर मारणाऱ्याचं तत्त्वज्ञान झालं. एनए इंजिन वाचवायचं असेल तर ते त्याच्या गुणांवर वाचलं पाहिजे.

आणि गुण आहे. इथे मी जे म्हणणार आहे त्यावर माझे पेट्रोलवेडे मित्र चिडतील. एनए इंजिनाचा शत्रू वीज नाही. वीज त्याची सोयरी होऊ शकते.

विचार करा, टर्बो कशासाठी आणला? खालच्या फेऱ्यांवर एनए इंजिन दुबळं असतं, ते भरून काढायला, आणि कागदावर पेट्रोल कमी दिसायला. विजेची मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण टॉर्क देते. तेही ताबडतोब, धुराची वाट न बघता. मग मोटर आल्यावर नोकरी कोणाची जायला हवी? टर्बोची! खालचं काम मोटरने करावं आणि वर इंजिनाला मोकळं गाऊ द्यावं. लॅम्बोर्गिनीने २०२३ च्या रेव्हुएल्टोत नेमकं हेच केलं: एनए व्ही१२ आणि तीन मोटरी. आणि त्याच घरातल्या टेमेरारिओमध्ये तीन मोटरी असूनही वर दोन टर्बो! भाच्याने दाखवलेले ९२० पीएस तिथून येतात. आकड्यासाठी पाठीवर सिलिंडर, हातात सलाईन.

बरं, हे कोट्यधीशांचंच तंत्र नाही. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडमध्ये दोन लिटरचं एनए इंजिन आहे, जोडीला मोटर. ते जीव तोडून पळायला नाही, पेट्रोल वाचवायला बनवलंय. म्हणजे ज्या कंपनीने काटकसरीचं गणित सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त केलं, तिला टर्बोची गरज वाटली नाही. त्याच टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला तो आमच्या बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. एथरच्या विजेच्या स्कूटरही याच पट्ट्यात यायच्या आहेत. येऊ देत. चौकात भाजी आणायला पेट्रोल जाळण्यात मला काहीही काव्य दिसत नाही. जिथे लहानपणी कपाशी बघितली तिथे आता सहापदरी रस्ते आणि दिव्यांचे खांब आहेत. जमीन तर गेली. निदान तिच्यावर काय बनावं याबद्दल एक वेडी इच्छा धरायचा हक्क बिडकीनकराला असावा.

इच्छा अशी. हजार-अकराशे किलोची, दोन माणसांची गाडी. दीड-दोन लिटरचं एनए इंजिन, आठ हजार फेरे, बरोबर एक लहानशी मोटर. जगात जवळपासचे नमुने आहेत. माझदाची एमएक्स-५, टोयोटाची जीआर८६, दोन्ही एनए, दोन्ही हलक्या, आणि दोन्ही आपल्याकडे अधिकृतपणे आलेल्या नाहीत. आपला कर पोटाऐवजी वजनावर आणि खऱ्या रस्त्यावरच्या धुरावर असता, तर अशी गाडी इथे बनवायचं धाडस कोणीतरी केलं असतं.

आपल्याला असं इंजिन बनवता येत नाही असं कोणी म्हणू नये. २०१३ मध्ये चाकणला बजाजच्या कारखान्यातून केटीएम ३९० ड्यूक बाहेर पडली. ३७३ सीसी, एक सिलिंडर, ४३.५ पीएस, साडेनऊ हजार फेऱ्यांवर. भागाकार करून बघा, लिटरमागे ११६ पीएस. होंडाच्या गाजलेल्या एस२०००चे लिटरमागे १२५. फेरारी ४५८चे १२७. ज्या इंजिनासाठी जगातले लोक घरं विकतात, त्याच्या हाताच्या अंतरावरचं इंजिन चाकणची पोरं पाळीत तीन शिफ्टमध्ये बनवत होती, आणि ते कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभं असायचं. टर्बो नाही. फक्त चांगला श्वास.

भाऊबीज झाल्यावर भाचा परत निघाला. पुण्याहून येताना तो बसने आला नव्हता, त्याच ३९० वर आला होता, सेकंडहँड घेतलेल्या. आईचा जीव टांगणीला लावून. मी विचारलं, "एवढ्या पैशात चांगली मायलेजची गाडी आली असती. हीच का घेतलीस?"

हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "मामा, हिला वर नेली ना की मजा येते."

मी काही बोललो नाही. पैठण रोडला लागल्यावर त्याने दुसऱ्या गिअरला वरपर्यंत नेली. मी फाटकात उभा राहून ऐकत होतो. चौथ्या गिअरला जाईपर्यंत श्वास बरोबर होता.

असो. पुढची गाडी घ्याल तेव्हा ब्रोशर घरी ठेवून जा. एसी बंद करा, काच खाली करा आणि दुसऱ्या गिअरला पाय दाबून ऐका. एवढं केलं तरी पुरे.